बारा कूपनांपैकी नऊ गळकी

आदरणीय मॅडम,

मी केमिकल इंजिनिअर आहे. पीएच.डी. मेम्ब्रेनमध्ये (पाणी किंवा वायू गाळणाऱ्या पातळ पडद्यांत) केली, सध्या दुसरी पोस्टडॉक चालू आहे. वय ३३. पॉलिअमाइडच्या थरात नॅनोकण मिसळून आरओ (रिव्हर्स ऑस्मॉसिस) मेम्ब्रेनचा फ्लक्स, म्हणजे पाणी जाण्याचा वेग, वाढवणं हे माझं काम. चौदा पेपर झाले. गेल्या वर्षी असिस्टंट प्रोफेसरच्या दोन मुलाखती दिल्या. दोन्हीकडे एकच प्रश्न आला, ‘तुमच्या गाईडपेक्षा वेगळं असं तुम्ही काय करणार?’ दोन्ही वेळा मी आणखी एका नव्या कणाचं नाव घेतलं, आणि दोन्ही वेळा समोरच्यांचे चेहरे पडलेले मला दिसले. दरम्यान एका मेम्ब्रेन बनवणाऱ्या कंपनीकडून विचारणा आली आहे. वापरून झालेली मॉड्यूल्स उघडून ती का बिघडली ते शोधायचं, असं काम आहे. तिकडे गेले तर विद्यापीठाचा दरवाजा कायमचा बंद होईल का? आणि इथेच राहायचं तर पुढची दहा वर्षं कोणत्या मटेरियलवर काढावीत? ग्राफीन ऑक्साइड, एमओएफ (धातू आणि सेंद्रिय रेणूंची सच्छिद्र जाळी), की आणखी काही?

आणि एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. ज्या पेपरमुळे माझं नाव झालं, त्यासाठी मी बारा कूपनं, म्हणजे चाचणीसाठी कापलेले मेम्ब्रेनचे तुकडे, तपासली होती. त्यातली नऊ गळत होती, म्हणून ‘खराब’ धरून वगळली. उरलेल्या तिघांची सरासरी छापली. आता लॅबमधल्या एका नव्या विद्यार्थ्याला तो आकडा मिळत नाही. तो रोज मला विचारतो, माझं काय चुकतंय?

– एक पोस्टडॉक

*

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. (तू मला मॅडम म्हणालीस, मी तुला तू म्हणते. माझ्या विद्यार्थ्यांना मी कायम असंच म्हणत आले आहे.) नोकरीचे सगळे प्रश्न तू आधी लिहिलेस आणि खरं मन खाणारी गोष्ट शेवटी, जाता जाता सांगितल्यासारखी. मी शेवटापासून सुरू करते, कारण तुझ्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं मला त्या नऊ कूपनांतच दिसतात.

आधी त्या मुलाचं. त्याला आजच सांग. पुढच्या आठवड्यात नको, आज. बारातली तीनच चालली होती, एवढं एक वाक्य पुरे. तो रोज कास्टिंग करतोय, म्हणजे मेम्ब्रेन ओतून बनवतोय, रोज चाचणीचा सेल घट्ट आवळतोय, आणि रोज संध्याकाळी आपला हातच वाईट आहे असं समजून घरी जातोय. आपल्या कामात हात बसायला वर्ष-दीड वर्ष लागतं, आणि त्या काळात नवखा माणूस प्रत्येक अपयश स्वतःच्या नावावर जमा करतो. त्याच्या मनातून तेवढं ओझं तू आज उतरवू शकतेस. बाकी सगळं उद्यापासून.

माझ्या पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी मलाही एक सुंदर आकडा मिळाला होता. एका अल्ट्राफिल्ट्रेशन मेम्ब्रेनचा फ्लक्स अचानक जवळपास दुप्पट झाला, आणि प्रोटीन मात्र बऱ्यापैकी अडत होतं. आम्ही परिषदेला सारांश पाठवून मोकळे झालो. मग एका दुपारी, नुसती उत्सुकता म्हणून, मी त्याच सेलमध्ये जांभळा रंग सोडला. सेल उघडून मेम्ब्रेन उलटं केलं तर मधला सगळा भाग पांढरास्वच्छ होता आणि कडेने, जिथे ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) दाबून बसते तिथे, अर्धचंद्रासारखी जांभळी रेघ उमटली होती. स्क्रू आवळताना ओ-रिंगने मेम्ब्रेनला चीर पाडली होती आणि माझा सुंदर फ्लक्स त्या चिरेतून येत होता. सारांश मागे घेतला. ती दुपार मला अजून आठवते, पण तेव्हापासून रंगाची चाचणी केल्याशिवाय मी एकही आकडा वहीत लिहिलेला नाही.

तुझी गोष्ट माझ्यापेक्षा गुंतागुंतीची आहे, कारण तुझा पेपर छापून झालाय. तू काही खोटं रचलं नाहीस, हे मला कळतं. गळकं कूपन वगळणं आपल्या क्षेत्रात इतकं अंगवळणी पडलं आहे की त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण वगळण्याची कारणं दोन असू शकतात, आणि त्या दोहोंत फार अंतर आहे. कूपन हाताळताना, कापताना, सेलमध्ये बसवताना गळायला लागलं असेल तर ते वगळायचंच. फक्त किती वगळली आणि का, हे लिहायचं. आणि मेम्ब्रेन तयार होतानाच त्यात भोकं राहत असतील, तर ती नऊ कूपनं हाच तुझा खरा निकाल होता. वाचकाला तू त्यातला पाव भाग दाखवलास.

या दोहोंपैकी काय घडलं हे आज तुलाही माहीत नाही. ते आधी शोधायला हवं.

शोधायचं कसं, ते तुला येतंच, तरी नीट मांडते. या आठवड्यात गाईडना भेट. भेटीआधी दोन परिच्छेदांची मेल पाठव, म्हणजे बोलताना तुझा आवाज कापला तरी मुद्दा कागदावर असेल. चूक कुणाची हा विषय काढू नकोस. म्हण, ‘आकडा परत मिळत नाहीये, माझ्या जुन्या नोंदींत बारातली तीन कूपनं आहेत, हे नीट तपासूया.’ मग त्या मुलाला बरोबर घेऊन नवी वीस कूपनं करा. दहा तुझ्या हातची, दहा त्याच्या. तपासण्याआधीच प्रत्येकाला नंबर द्या आणि कोणतं कूपन कधी बाद धरायचं याचा नियम आधी लिहून ठेवा. आकडे दिसल्यावर लिहिलेला नियम कामाचा नाही. प्रत्येक कूपनाला शेवटी रंग पाजा. रंग ओ-रिंगच्या कडेला दिसला तर दोष बसवण्याचा. मधे, इथे-तिथे ठिपक्या-ठिपक्यांनी दिसला तर दोष थराचा.

दुसरी खूण दाबाची. धड आरओ मेम्ब्रेनवर दाब वाढवला की पाणी जास्त येतं, पण मीठ जवळपास पूर्वीइतकंच येतं, कारण मिठाला ढकलतो तो दोन्ही बाजूंच्या तीव्रतेतला फरक. त्यामुळे दाबाबरोबर रिजेक्शन, म्हणजे मीठ अडवण्याचं प्रमाण, सुधारतं. भोक असेल तर दाबाबरोबर खारं पाणीही जास्त घुसतं आणि रिजेक्शन जागचं हलत नाही, कधी घसरतंही. मात्र सेलमधला प्रवाह जोराचा ठेव. मंद प्रवाहात मेम्ब्रेनच्या पृष्ठभागावर मीठ साचतं आणि चांगलं कूपनही गळक्यासारखं वागतं.

निकाल काहीही लागो, पेपरला पुरवणी जोडावी लागेल असं मला वाटतं. गळती फक्त बसवण्यातली निघाली, तर किती कूपनं तपासली आणि किती धरली एवढी दुरुस्ती पुरेल. थरातच भोकं असतील आणि पेपरचा निष्कर्ष त्या तीन कूपनांवर उभा असेल, तर सगळ्या सहलेखकांनी बसून ठरवावं लागेल, आणि कदाचित पेपर मागेही घ्यावा लागेल. गाईडनी ऐकून घेतलं नाही, तर वीस कूपनांचे आकडे हाती ठेवूनच संशोधनाच्या सचोटीचं काम बघणाऱ्या व्यक्तीकडे जा. याची झळ तुला बसणार नाही असं खोटं आश्वासन मी देणार नाही. बसेल. पण निवड समित्यांवर मी बरीच वर्षं बसले आहे. स्वतःहून केलेली दुरुस्ती आणि दुसऱ्याने पकडलेली चूक यांत त्या खोलीत किती फरक केला जातो, ते मी पाहिलंय.

आता त्या मुलाखतीतल्या प्रश्नाकडे येऊ.

तू समितीसमोर नव्या कणाचं नाव घेतलंस. त्यांना ते का भावलं नसेल? तुझ्या गाईडच्या लॅबमधला कुणीही तेच उत्तर देऊ शकला असता. आणि त्याच वेळी तुझ्या कपाटात असा एक प्रश्न पडून होता, जो विचारायला तुझ्याइतकी लायक व्यक्ती दुसरी नाही. बारापैकी नऊ का गळतात?

हे जरा खोलात जाऊन बघ. पॉलिअमाइडचा निवडक थर साधारण शंभर ते दोनशे नॅनोमीटर जाडीचा. २००७ साली झिओलाइटचे कण या थरात घालून पातळ थराच्या नॅनोकॉम्पोझिट मेम्ब्रेनची कल्पना मांडली गेली, तेव्हा ते कणही साधारण याच मापाचे होते. तुझेही तसेच असणार. थराची जाडी आणि कणाचा आकार एकाच मापाचे, मग कणाभोवती थर पातळ पडणार, कुठे सांध राहणार, कुठे दोन कण चिकटून बसलेले असणार. ज्या कारणाने तुझ्या तीन कूपनांचा फ्लक्स वाढला, त्याच कारणाने बाकीच्या नऊंना भोकं पडली असतील का? तसं असेल तर तुझ्या क्षेत्रातल्या कितीतरी पेपरांमधला वाढलेला फ्लक्स नव्याने तपासायला हवा. हा पाच वर्षांचा आणि तीन विद्यार्थ्यांचा कार्यक्रम आहे.

एक साधं गणित करून बघ. ९९.५ टक्के मीठ अडवणारं मेम्ब्रेन घे. त्यातून जाणाऱ्या पाण्यापैकी फक्त एक टक्का पाणी भोकातून, काहीही न अडता गेलं असं धर. पलीकडच्या पाण्यातलं मीठ अर्ध्या टक्क्यावरून दीड टक्क्यावर जातं, म्हणजे तिप्पट होतं. पण पेपरच्या तक्त्यात ते ९९.५ चं ९८.५ एवढंच दिसतं, आणि वाचणारा पुढे सरकतो. आता मापाचं बघ. आपल्या सेलमधलं कूपन फार तर चाळीस चौरस सेंटिमीटरचं. संयंत्रात बसवतात त्या आठ इंची स्पायरल एलिमेंटमध्ये (मेम्ब्रेनच्या गुंडाळीत) साधारण सदतीस चौरस मीटर मेम्ब्रेन गुंडाळलेलं असतं, म्हणजे तुझी नऊ हजारांहून जास्त कूपनं, एकाला एक जोडून. बारातली नऊ गळणाऱ्या रेसिपीतून असं एक एलिमेंट कसं उभं राहणार? हा प्रश्न तू खडूने फळ्यावर मांडलास आणि खाली ‘हे मी शोधणार’ असं लिहिलंस, तर कोणती समिती तुला गाईडचं नाव विचारेल?

दोषाला विषय बनवणारी तू पहिली नाहीस, आणि हे मला तुला मुद्दाम सांगायचंय. १९७० च्या दशकात वायू वेगळे करण्यासाठी पॉलिसल्फोनचे पोकळ तंतू बनवायचे प्रयत्न चालू होते. तंतूवरची कातडी जितकी पातळ करावी तितकी तिला बारीक छिद्रं पडत, आणि वायूंच्या बाबतीत पृष्ठभागाचा लाखांशाहून कमी भाग उघडा राहिला तरी सगळी निवडकता, म्हणजे एक वायू जाऊ देऊन दुसरा अडवण्याची ताकद, संपते. मोन्सॅन्टोमधल्या हेनिस आणि ट्रिपोडी यांनी छिद्रं आहेत हे मान्य केलं, ती किती आहेत हे मोजलं, आणि वरून सिलिकोन रबराचा एक थर दिला. सिलिकोनमधून वायू इतक्या सहज जातात की त्याने प्रवाह फारसा अडत नाही, पण छिद्रं बुजतात आणि निवडण्याचं काम खालच्या पॉलिसल्फोनकडे राहतं. १९८० मध्ये प्रिझम या नावाने ही मेम्ब्रेन्स बाजारात आली, आणि वायू विलगीकरणाचा मेम्ब्रेन उद्योग खऱ्या अर्थाने तिथून उभा राहिला. त्यांनी गळके तंतू बाजूला काढून उरलेल्यांची सरासरी छापली असती तर?

याहून जुनी गोष्ट आपल्या सगळ्यांच्या मूळपुरुषांची. १९५० च्या दशकाअखेरीस फ्लोरिडात रीड आणि ब्रेटन यांनी सेल्युलोज अ‍ॅसिटेटची फिल्म मीठ अडवते हे दाखवलं होतं, पण पाणी थेंब-थेंब यायचं. लॉस एंजलिसच्या विद्यापीठात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन यांनी त्याच पदार्थाचा बाजारात मिळणारा फिल्टर घेतला, पाण्याखाली तापवला आणि वापरून बघितला. कधी मीठ अडे, कधी अडत नसे. फिल्टर तोच, हात तेच. शेवटी लक्षात आलं की फिल्टर कोणत्या बाजूने बसवला त्यावर सगळं ठरत होतं. म्हणजे त्याच्या दोन बाजू सारख्या नव्हत्या. पुढे त्यांनी स्वतः कास्ट केलेलं मेम्ब्रेनही तसंच होतं, एका बाजूला अतिशय पातळ घट्ट कातडी आणि खाली सच्छिद्र आधार. रिव्हर्स ऑस्मॉसिस व्यवहारात उतरलं ते त्यामुळे. हवा तो आकडा आला तेवढीच वेळ खरी आणि बाकीच्या ‘खराब’, असं धरलं असतं तर दोन बाजूंचा फरक त्यांच्या ध्यानात कधी आला असता कोण जाणे.

मुलाखतीबद्दल आणखी एक. समितीत बसलेल्या आठ जणांपैकी फार तर एक मेम्ब्रेनवाला असतो. बाकीचे रिअ‍ॅक्टर, कॅटॅलिसिस, पॉलिमर, प्रक्रिया नियंत्रण यातले. विभाग केमिकल इंजिनिअर नेमत असतो, आणि पहिल्या वर्षी तुझ्या वाट्याला मास ट्रान्स्फर किंवा थर्मोडायनॅमिक्स शिकवणं येणार. म्हणून बोलताना कणाच्या रसायनातून सुरुवात करू नकोस. वरचं एक टक्का गळतीचं गणित फळ्यावर कर. ते रिअ‍ॅक्टरवाल्यालाही तिथल्या तिथे पटेल, कारण बायपास, म्हणजे द्रवाचं आडवाटेने निसटणं, ही त्याचीही डोकेदुखी आहे. गाईडशी हद्दीबद्दल आधीच स्पष्ट बोलून घे. कोणता विषय तुझा, कोणता त्यांचा, कोणत्या रेसिपी तू बरोबर नेणार. हे बोलणं अवघड असतं म्हणून लोक टाळतात, आणि मग पहिल्याच प्रपोजलला दोघं समोरासमोर येतात.

कोणत्या मटेरियलवर दहा वर्षं काढावीत, या प्रश्नाला मी उत्तर देणार नाही. तो प्रश्नच बदल असं सांगेन. तुझ्याआधी नॅनोट्यूबची लाट होती, मग अ‍ॅक्वापोरिनची आली, मग ग्राफीनची. प्रत्येक लाटेत काही फार चांगलं विज्ञान झालं आणि बरीच तरुण मुलं लाट ओसरल्यावर कोरडी राहिली. टिकले ते, ज्यांच्या हाती काय कशापासून वेगळं करायचं याचा प्रश्न होता. समुद्राच्या पाण्याचं बघ. निम्मं पाणी काढून घ्यायचं तर एक घनमीटरला किमान सुमारे एक युनिट वीज लागणारच, हे थर्मोडायनॅमिक्सचं बंधन आहे. आजच्या चांगल्या संयंत्रांत आरओचा टप्पा दोन युनिटच्या आसपास चालतो. फ्लक्स आणखी दुप्पट करून तिथे वाचण्यासारखं फारसं उरलेलं नाही. म्हणूनच २०१६ पासून या क्षेत्रातली जाणती माणसं उघड लिहू लागली की आता गरज निवडकतेची आहे. बोरॉन, छोटे विद्युतभाररहित रेणू, हे अजून निसटतात. आणि निवडकतेचा सगळ्यात मोठा शत्रू कोण? तुझी ती भोकं.

पाण्याबाहेरही भरपूर आहे. प्रोपिलीन आणि प्रोपेन यांच्या उत्कलनबिंदूंत पाच-सहा अंशांचाच फरक, त्यामुळे त्यांच्या ऊर्ध्वपातनाचे मनोरे शंभराहून जास्त ट्रेचे बांधावे लागतात. लिथियम आणि मॅग्नेशियम वेगळे करायचे आहेत. मेम्ब्रेन बनवताना आपण ज्या डीएमएफ आणि एनएमपी या द्रावकांत पॉलिमर विरघळवतो, त्यांच्या जागी कमी घातक काही आणायचं आहे (या विषयाला आपल्याकडे अजून दुय्यम समजतात, मला ते मुळीच पटत नाही). यातला एक प्रश्न घे आणि त्याला जे मटेरियल लागेल ते वापर, उद्या बदल, परवा पुन्हा बदल.

आणि मूलभूत प्रश्न संपलेत असंही समजू नकोस. आरओ मेम्ब्रेनमधून पाणी नेमकं कसं जातं? १९६५ साली लॉन्सडेल, मर्टन आणि रायली यांनी विरघळून-पसरण्याचं प्रारूप मांडलं (पाणी मेम्ब्रेनच्या पदार्थात विरघळतं आणि पसरत पलीकडे जातं) आणि आपण सगळे तेच शिकलो, तेच शिकवत आलो. सौरिराजन यांना ते कधीच पटलं नाही, ते शेवटपर्यंत सूक्ष्म छिद्रांबद्दल बोलत राहिले. २०२३ मध्ये मेम्ब्रेन संशोधक एलिमेलेक यांच्या गटाने पुन्हा छिद्रांतून वाहण्याच्या बाजूने पुरावे मांडले आणि वाद नव्याने पेटला. साठ वर्षं झाली तरी इतका साधा प्रश्न उघडा आहे. विद्यार्थ्यांपुढे हे मांडायला मिळतं म्हणून तरी मी शिकवत राहिले.

आता कंपनीचं. विद्यापीठाची नोकरी हाती असेल तर ती घे. नसेल, आणि तिसऱ्या पोस्टडॉकशी तुलना असेल, तर माझा कौल कंपनीला. तू त्या कामाबद्दल जरा खालच्या सुरात लिहिलंयस असं मला जाणवलं. ते काम काय असतं सांगते. फायबरग्लासचं कवच करवतीने कापतात, आणि एलिमेंटची पानं एकेक करून मोठ्या टेबलावर उलगडतात. फीड स्पेसरच्या, म्हणजे पानांमध्ये पाण्याला वाट ठेवणाऱ्या, जाळीचा ठसा मेम्ब्रेनवर चौकटी-चौकटींनी उमटलेला असतो. नळीत ओळीने बसवलेल्या एलिमेंटांतला पहिला असेल तर बोटाला तपकिरी, बुळबुळीत थर लागतो, तो बायोफिल्म. शेवटचा असेल तर पांढरी खरखर, क्षार बसलेले, कारण तिथे पोचेपर्यंत पाणी सर्वांत जास्त खारं झालेलं असतं. क्लोरीनने खाल्लेल्या मेम्ब्रेनवर मात्र डोळ्यांना काहीच दिसत नाही. रंग सोडला की कळतं. तीन वर्षं हे केलंस तर मेम्ब्रेन प्रत्यक्षात कुठे आणि का फाटतं, हे तुला माझ्यासारख्या कितीतरी प्राध्यापकांपेक्षा जास्त ठाऊक असेल. आणि तुझा विषय तर तोच आहे.

परत येता येतं का? लोब स्वतः बरीच वर्षं उद्योगात काढून, चाळिशीच्या आसपास विद्यापीठात परतले होते, आणि नंतर १९६५ साली कॅलिफोर्नियातल्या कोअलिंगा गावात त्यांच्या नळीच्या मेम्ब्रेनवर गावाला पाणी देणारं आरओ संयंत्र चालू झालं. पुढे ते इस्रायलमधल्या बीरशेबाला प्राध्यापक झाले. आज आपण ज्या पॉलिअमाइडवर जगतो ते जॉन कॅडॉट यांनी एका ना-नफा संशोधन संस्थेत आणि मग स्वतः भागीदार असलेल्या कंपनीत घडवलं. वायू मेम्ब्रेनचे बहुतेक पेपर आजही ज्या रेषेशी तुलना करतात, ती रॉबसन यांची मर्यादारेषा (प्रवाह वाढला की निवडकता किती घटते ते दाखवणारी) १९९१ मध्ये पहिल्यांदा उद्योगात काम करणाऱ्या माणसानेच काढली. म्हणजे आपल्या क्षेत्रात ही भिंत कधीच फार उंच नव्हती. तरीही वाट रुंद आहे असं मी म्हणणार नाही. जिथे नुसते पेपर मोजून नेमणूक होते तिथे तीन वर्षांची पोकळी नडते. त्यामुळे सही करण्याआधी विचारून घे, वर्षाला एखादा पेपर छापू देतील का, परिषदेत बोलू देतील का, नोकरी सोडल्यावर याच विषयावर काम करायला बंदी आहे का. आणि ती उत्तरं करारात लिहून घे. तोंडी ‘बघू’ला काही अर्थ नसतो. तिकडे असतानाही वर्षातून एकदा एखाद्या विभागात व्याख्यान दे, आणि कुणा विद्यार्थ्याच्या समितीवर नाव असू दे. म्हणजे समित्यांना तू परकी वाटणार नाहीस.

चौदा पेपरांबद्दल तू लिहिलंस, मी त्यावर काहीच बोलले नाही, कारण तो आकडा पुरेसा आहे. पंधराव्याची घाई नको.

ती नऊ कूपनं तू टाकून दिली नसशील असं मी धरून चालते. जपून ठेवणारी माणसंच अशी पत्रं लिहितात. ती ओली आहेत का ते आधी बघ. वाळली असतील तर आधाराची छिद्रं आकसलेली असतील आणि त्यांच्यावर फ्लक्स मोजण्यात अर्थ नाही. पण रंग सोडता येईल, सूक्ष्मदर्शकाखाली कापही बघता येतील. ओली असतील तर एक टक्का सोडियम बायसल्फाइटच्या द्रावणात, झाकण घट्ट लावून, फ्रीजमध्ये ठेव. प्रत्येक पिशवीवर नंबर आणि कास्टिंगची तारीख वहीतून उतरवून घाल, ‘खराब’ असं लिहिलेली चिठ्ठी काढून टाक. आणि रंग सोडशील तेव्हा त्या मुलाला शेजारी उभं कर. ठिपके कुठे उमटले ते मला कळव.